येळवशीचा डबा

डिसेंबर लागला की नांदेडात दोन गोष्टी बरोबरच येतात. एक थंडी आणि दुसरे ते फलक. ‘नव्या वर्षात नव्या तुम्ही.’ फलकावर दोन बायका असतात, म्हणजे एकच बाई दोनदा असते. डावीकडे ती गबाळ्या गाऊनमध्ये, केस विस्कटलेले, तोंड पाडून उभी. उजवीकडे तीच बाई चापूनचोपून साडी नेसून हसत असते. डावीकडच्या बाईला हसायला मनाई का असते, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. भोकरच्या शाळेत जाताना आमची बस असा एक फलक असलेल्या चौकात थांबते, तेव्हा मी मान फिरवून बसते. मला त्या फलकांचा राग येतो. हा राग जुना आहे, कारण एका हिवाळ्यात त्या दोन्ही बायका मीच होते.

परवा येळवस झाली. लातूरकडच्या माणसाला येळवस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की मार्गशीर्षाच्या अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव उठून शेतात जातं. लातूर शहर तर त्या दिवशी ओस पडतं. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले घेऊन जातात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतात, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा होते, मग पुरुषमंडळी पिकातून अंबील शिंपडत चालतात आणि एक कानडी हाळी देतात, जिचा अर्थ आमच्यातल्या कुणालाच धड ठाऊक नाही. आणि मग जेवण. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून बसवायचं. त्या दिवशी आमच्या शिवारातून उपाशी कुणी जात नाही, असं आमचे लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. तो अभिमान किती खरा ते पुढे सांगते.

माझं माहेर मुरुडजवळचं. डोळे मिटले तरी मला ते शेत नाकाला कळतं. निसवलेली ज्वारी, तुरीच्या ओल्या शेंगा, आणि सकाळच्या दवात हरभऱ्यातून चाललं की पायाला लागणारी आंब, तिने बारीक खाज सुटते आणि ती खाजवत खाजवतच कोपीपर्यंत पोचायचं. मडक्यातली अंबील आदल्या दिवशीच आंबायला घातलेली असते, ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, आलं. आणि भज्जी. भज्जी हा शब्द ऐकून पुण्याच्या माझ्या एका मैत्रिणीला कांदाभजी आठवली, तेव्हा मी तिला माफ केलं नव्हतं. आमची भज्जी म्हणजे शेतात जे जे हिरवं आहे ते सगळं, तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, वाल, मेथी, पालक, चुका, गाजर, वर चार बोरं, चिंचेचा कोळ, आणि हे सगळं बेसनात शिजवून घट्टसर केलेलं. सोबत बाजरीचे उकडलेले गोळे, म्हणजे उंडे, भाकरी, खपली गव्हाची गुळातली खीर. माय पहाटेपासून चुलीपुढे असायची. पाटीभर स्वयंपाक करून, डोक्यावर घेऊन, ती अनवाणी शेतात यायची.

तर तो हिवाळा. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि नांदेडातल्या एका मॅडमकडे जात होते. त्यांचं नाव घेत नाही, नाव घेण्याइतकं प्रेम नाही. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचा वर्ग भरे. दारात वजनाचा काटा. त्या काट्यापुढे आम्ही सगळ्या बायका चपला काढून, बांगड्या काढून, एकीने तर मंगळसूत्रही काढून उभ्या राहायचो. रोज सकाळी उपाशीपोटी काट्यावर उभं राहायचं, आकड्याचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. मग पावडरचा एक पेला, त्याचाही फोटो. भाकरी बंद. वरण पातळ असेल तर वाटीभर. दिवस मावळला की तोंडाला कुलूप. ‘भाकरी म्हणजे विष आहे तुमच्यासाठी,’ असं मॅडम म्हणाल्या आणि मी मान डोलावली. ज्वारी पिकवून शिकलेली मी. त्याच भाकरीवर माझा बी.एड.चा डबा भरत असे. मी तिथेच उठायला हवं होतं. मी वहीत लिहून घेतलं.

त्यांच्या भाषेचा मला आज सर्वांत जास्त संताप येतो. एक घास जास्त खाल्ला तर ती ‘चीटिंग’. आठवड्यातून एक दिवस फसवणुकीची परवानगी. वजन वाढलं तर ग्रुपवर ‘कबूल करा’ असा निरोप यायचा, आणि आम्ही शिकल्यासवरलेल्या, पगार घेणाऱ्या, पोरांना दहावी-बारावीपर्यंत नेलेल्या बायका कबूल करायचो, की काल वाढदिवस होता, केकचा तुकडा घेतला, चूक झाली. मॅडम दुसऱ्या दिवशी फक्त काकडी सांगायच्या. मी शाळेत चौथीच्या पोरांनाही अशी शिक्षा देत नाही.

दिवाळीपर्यंत अकरा किलो उतरले. शाळेत शिक्षिका म्हणायला लागल्या, ‘बाई, काय बारीक झालात.’ मला ते ऐकायची चटक लागली, हे मी लपवणार नाही. केस गळत होते, दुपारी तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिताना अक्षरं हलायची, घरी यांच्यावर आणि पोरांवर विनाकारण ओरडत होते, आणि तरी मी खूश होते. मॅडमनी माझे दोन फोटो शेजारी लावून पत्रक छापलं. डावीकडे भाच्याच्या लग्नातला माझा फोटो होता. त्या लग्नात मी पोट दुखेपर्यंत हसले होते, पण त्यांनी मी नेमकी घास चावत असतानाचा फोटो निवडला.

त्यात येळवस आली. रजा टाकून निघाले. पिशवीत स्टीलचा डबा घेतला: मोड आलेले मूग उकडलेले, काकडीच्या चकत्या, अर्धं लिंबू. येळवशीला डबा. आमच्याकडे त्या दिवशी परक्याच्या शेतात गेलं तरी कुणी डबा नेत नाही. आपल्याच मायच्या शेतात डबा घेऊन जाणारी बाई आमच्या शिवारात माझ्याआधी झाली नसेल. लातूरच्या स्टँडवरून मुरुडच्या गाडीत बसले तेव्हा शेजारच्या बाईच्या मांडीवर अंबिलीचं मडकं होतं, फडक्याने तोंड बांधलेलं. गाडी खड्ड्यात गेली की तो आंबट वास यायचा. मी खिडकी उघडली.

पूजा झाली, हाळी झाली, पंगत बसली. माझा थोरला भाऊ, त्याला आम्ही अण्णा म्हणतो, गावातली चार माणसं घेऊन आला होता. पत्रावळीवर भज्जी पडली. मी बाजूला बांधावर बसून डबा उघडला.

माय वाढता वाढता माझ्यापुढे थांबली. ‘नंदे, हे काय खायलीस?’

‘मूग आहेत माय. मला चालत नाही आता दुसरं.’

‘भज्जीत बी मूग हायेत की. तुरी हायेत, हरबरा हाय. समदं रानातलंच हाय.’

‘त्यात बेसन असतंय, गूळ असतोय. नको म्हणाले ना.’

‘अंबील तरी घे पेलाभर.’

‘माय, नको.’

‘बरं,’ म्हणाली आणि पुढे गेली. माय वाद घालणाऱ्यातली नाही. तिने ‘बरं’ म्हटलं की आपण जिंकलो असं वाटायचं, तसंच मला वाटलं. मी डब्याचा फोटो काढला, मागे कोप दिसेल असा, आणि ग्रुपवर टाकला. तिथे अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. मॅडमनी लिहिलं, ‘सणाच्या दिवशीही मोह टाळणाऱ्या खऱ्या विजेत्या.’ हे वाचताना मी हसत होते. मायने ते हसणं पाहिलं असणार.

एक गोष्ट मी विसरले होते. विसरले म्हणणंही सोयीचं आहे. ती मला कधी कळायची वेळच आली नव्हती. आमच्या घरात येळवशीचा निवद, म्हणजे नैवेद्य, जिने केला ती बाई शेतात आलेल्या प्रत्येक माणसाचं जेवण झाल्याशिवाय घास घेत नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मायच्या सासूने केलं, मायने केलं. मी आपली आयती पाटावर बसणारी लेक, पहिल्या पंगतीला जेवून बोरीखाली झोपणारी. मला काय माहीत कोण केव्हा जेवतं. आणि त्या दिवशी शेतात आलेल्या माणसांत एकजण निवदाचं जेवलंच नव्हतं.

मायला साखरेचा आजार. सकाळी चहासोबत गोळी घेऊन ती चुलीपुढे बसली होती. उन्हं कलायला लागली तेव्हा ती अंबिलीचं रिकामं मडकं घेऊन विहिरीकडे निघाली आणि मधेच बांधावर बसली. मी लांबून पाहिलं, दमली असेल म्हटलं. जवळ गेले तर त्या थंडीत तिच्या कपाळावरून घाम वाहत होता. हात थरथरत होते. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, ‘गोदे, लेकरं जेवली का?’ गोदा म्हणजे तिची धाकटी बहीण, ती जाऊन बरीच वर्षं झाली.

मी नुसती ‘माय, माय’ करत उभी राहिले. धावली ती वैनी, अण्णाची बायको. तिने खिरीची वाटी आणली, मायला टेकवून बसवलं आणि चमच्याने थोडी थोडी गुळाची खीर तोंडात घातली. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. मायची नजर ठिकाणावर आली तेव्हा वैनी माझ्याकडे वळली. वैनी कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

‘ताई, तुमच्यापायी सकाळधरनं उपाशी हायती आत्याबाई. मी तीनदा म्हणाले, खावा म्हणून. नंदीचं व्हायचंय म्हणल्या.’

माय सावरून बसली. पदराने तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य काय बोलली, तर, ‘आता तर खाशील?’

मी खाल्लं. वैनीने वाढलेली भज्जी, उंडा, खीर, सगळं खाल्लं. इथे एखादी चांगली बाई लिहील, की त्या घासाला मायेची चव होती आणि डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बाबतीत खरं ते असं, की मी खात होते आणि मनात उद्या सकाळचा काटा होता. समोर माय नुकती मरणाच्या दारातून परत येऊन बसलेली, आणि मी खिरीत गूळ किती असेल याचा अंदाज बांधत होते. त्या हिवाळ्याने माझं काय करून टाकलं होतं ते सांगायला याहून वेगळा पुरावा नको. याची लाज मला अजून वाटते, आणि वाटत राहो.

दुसऱ्या दिवशी नांदेडला येऊन काट्यावर चढले. वाढलं होतं. ग्रुपवर कबूल केलं. आईची तब्येत बिघडली, त्यामुळे खावं लागलं. मॅडमचं उत्तर आलं, ‘भावनेच्या भरात खाणं हाच आपला खरा शत्रू.’ आणि काकडी.

मी तेव्हाच सगळं फेकून दिलं असं म्हणायला मला आवडलं असतं. दिलं नाही. आणखी दोन महिने काढले. मग एका रविवारी दुपारी घरात एकटी असताना मी गॅसपाशी उभी राहून सात भाकऱ्या खाल्ल्या, लोणच्यासोबत, तव्यावरून काढेन तशा. मग पावडरचा डबा बंद केला तो परत उघडला नाही. उन्हाळा संपेपर्यंत अकराचे अकरा परत आले आणि वर तीन पाहुणे घेऊन आले. त्या पत्रकावर मात्र मी पुढचं वर्षभर बारीकच होते. आमच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये ते लावलेलं होतं, आणि त्याच्याच खाली खुर्चीत बसून मी भुवया करून घेत असे. कुणी ओळखलं नाही, डावीकडचीही नाही आणि उजवीकडचीही नाही.

मायला त्यानंतर लातूरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, ‘आजी, जेवता कधी?’

‘समद्यांचं झाल्यावर,’ माय म्हणाली.

‘म्हणजे किती वाजता?’

माय माझ्याकडे बघायला लागली. तिला खरंच सांगता येईना. मलाही कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी तेव्हा मॅडमच्या वेळापत्रकाने जेवत होते, आणि माय बाकीच्यांच्या ढेकरांवर.

वजनावर बोलणं निघालं की आमच्या स्टाफरूममध्ये एकजण हमखास म्हणतो, ‘पूर्वीच्या बायका बघा. तूप खायच्या, गूळ खायच्या, तरी काटक.’ मी त्या माणसाचं तोंड आता बंद करते. पूर्वीच्या बायका काटक होत्या, कारण तूप तुम्ही खात होतात. त्या तव्याशी उरलेली कोरभर भाकरी आणि खरवडलेलं कालवण खात होत्या, आणि मधे दोन एकादश्या, सोमवार, गुरुवार, शनिवार. उपाशी बाई म्हणजे चांगली बाई, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. मॅडमनी काही नवीन आणलं नाही. त्यांनी माझ्या मायचाच उपास पावडरच्या डब्यात भरला आणि मला विकला. मायला उपाशी राहून पुण्य मिळत होतं, मला अंगठे मिळत होते. म्हणूनच मला तो इतक्या सहज पचला असावा.

मग वजन उतरलं का? उतरलं. किती ते सांगत नाही, कारण आकडा सांगितला की लोक पुढचा प्रश्न विचारतात, काय खाता, आणि मग वही काढतात. सावकाश उतरलं, इतकं सावकाश की कुणी अभिनंदन केलं नाही. काटा मी भंगारात दिला. जेवायची वेळ झाली की जेवते, कुणाचं व्हायचं आहे हे बघत नाही. भाकरी खाते, पालेभाजी खाते, पोट भरलं की हात धुते. सात भाकऱ्यांचा दिवस परत आला नाही, कारण तितकी भूक मी साचू देत नाही. भोकरच्या स्टँडवरून शाळेपर्यंत रिक्षा करायची, ती सोडली आणि चालते. यात पत्रक छापण्यासारखं काही नाही, आणि त्याचा मला आनंद आहे. सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर बसून जेवणं. दुसरं कुणी वाढायचं राहिलेलं असताना आपण ताटावर बसून निवांत चावणं, हे मला दोन वर्षं जमत नव्हतं. अजून मधूनच उठते.

तर परवाची येळवस. माझ्या मनात एकच होतं, यंदा माय वेळेवर जेवली पाहिजे. गेली काही वर्षं ती हो म्हणायची, आणि मी पंगतीत वाढायला लागले की कोपीच्या मागे जाऊन शेंगा सोलत बसायची. वैनीने फोनवर सांगितलं होतं, ‘गोळी घेतात, पण खात न्हाईत बगा ताई. तुमीच या आन बसवा.’

निवद दाखवला. मी दोन पत्रावळ्या मांडल्या, पहिल्या पंगतीत, अण्णाच्या समोरच, आणि मायचा हात धरून बसवलं. माय बसली खरी, पण पाटावर विस्तव असल्यागत. मीठ विसरलं म्हणून उठायला लागली. मी हात सोडला नाही. मग पाणी. मग कुत्रं आलंय बघ.

‘लोकं बगायलेत नंदे.’

‘बघू दे.’

‘मला आदी खायची सवं न्हाई ग.’

‘मला बी नव्हती. दोन दिवस जड जातंय. खा.’

तिने उंडा फोडला. भज्जीत बुडवला आणि हातातच धरून बसली. बहात्तर वर्षांची बाई, आयुष्यभर शिवाराला जेवू घालणारी, आणि तिला घास तोंडापर्यंत नेता येईना. मला तिचा राग आला. त्या सासूचा आला, अण्णाचा आला, तो समोर बसून सपासप ओरपत होता आणि त्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. शेवटी मी माझा घास आधी घेतला आणि चावत तिच्याकडे बघत राहिले. तेव्हा तिने खाल्लं. मग दुसरा. मग अंबील मागितली. अंबील मडक्यातून पेल्यात पडली, तो आंबट वास आला, आणि मीही माझा पेला पुढे केला. मला वाटलं, झालं. जिंकलं बाई आपण.

अंबील वाढत होती वैनी. तिचे ओठ सुकलेले होते. केसांत चुलीची राख. दोन वर्षांपासून मायचे गुडघे चालत नाहीत, म्हणजे पहाटेपासून स्वयंपाक तिनेच केलेला, पाट्याही तिनेच आणलेल्या. हे मला सगळं माहीत होतं आणि एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

‘वैनी, तुम्ही कधी जेवणार?’

‘समद्यांचं होऊ द्या की ताई,’ ती म्हणाली, आणि पुढच्या पत्रावळीकडे वळली.

मी काही बोलणार, तेवढ्यात माय बोलली. तिच्या तोंडात घास होता आणि तसाच ठेवून तिने वैनीचा पदर खाली ओढला.

‘बस इथं.’

‘आत्याबाई, वाढायचं—’

‘बस म्हणले ना.’

मायने आपली पत्रावळ सरकवून जागा केली आणि अर्धा उंडा तिच्या पुढ्यात ठेवला. वैनी पळी हातात घेऊनच खाली बसली. मी ती पळी काढून घेतली आणि भज्जीच्या पातेल्यात ठेवून दिली. पंगतीत जराशी चुळबुळ झाली. अण्णाची पत्रावळ रिकामी होती, त्याने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं.

‘आता वाढायला कोण हाय?’

माय खीर ओरपत होती. तिने वाटी खाली ठेवली नाही.

‘हात हायेत की तुमाला,’ ती म्हणाली.